परसबाग

परसबाग म्हणजे घराच्या मागील, पुढील किंवा बाजूच्या मोकळ्या जागेत मुख्यतः कुटुंबाच्या स्वतःच्या वापरासाठी केलेली भाजीपाला, फळझाडे, मसाल्याच्या व औषधी वनस्पतींची लागवड होय. शेतातील भाजीपाला एका वेळी एका पिकाचे जास्तीत जास्त उत्पादन बाजारात नेण्याच्या हेतूने घेतला जातो. परसबागेत मात्र अनेक पिके थोड्या थोड्या प्रमाणात वर्षभर मिळत राहणे महत्त्वाचे असते. त्यामुळे परसबागेचे यश एकूण उत्पादनापेक्षा भाजी किती सातत्याने मिळते यावरून मोजले जाते. पेरणीचे टप्पे आणि वेळेवर केलेली काढणी या दोन गोष्टींवर हे सातत्य मुख्यतः अवलंबून असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीच्या आहारात दररोज किमान ४०० ग्रॅम फळे व भाज्या असाव्यात. पाच माणसांच्या कुटुंबासाठी हे प्रमाण दिवसाला सुमारे दोन किलो होते. कृषी विस्तार साहित्यात एवढ्या कुटुंबाच्या भाजीपाल्यासाठी साधारणपणे २०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे दोन गुंठे जागा सुचवली जाते. यापेक्षा लहान जागेतही पालेभाज्या, मिरची, कोथिंबीर, कढीपत्ता आणि दोन-चार वेल यांची घरगुती गरज बऱ्याच अंशी भागू शकते.

नावे व प्रादेशिक रूपे

मराठीत घरामागील मोकळ्या जागेस ‘परस’ किंवा ‘परसू’ म्हणतात. ‘परसदार’ हा शब्द घराच्या मागील दारासाठी व त्यालगतच्या जागेसाठीही वापरला जातो. सिंधुदुर्ग भागात ‘परडे’ आणि विदर्भात ‘सांदवाडी’ ही नावे आढळतात.

कोकणात घराभोवतालच्या वाडीत नारळ, सुपारी, केळी, फणस यांच्याबरोबर अळू, सुरण, हळद, आले आणि मांडवावर चढवलेले वेल अशी बहुस्तरीय लागवड असते. गोव्यातील कुळागर हे याच पद्धतीचे विस्तृत रूप असून त्यात सुपारीच्या सावलीत मिरवेल, केळी व मसाल्याची झाडे घेतली जातात. देशावर पाऊस कमी असल्याने परसबाग न्हाणीच्या व विहिरीच्या पाण्याजवळ एकवटलेली दिसते. न्हाणीच्या पाण्यावर अळू व केळ, कुंपणावर वाल किंवा घोसाळे, कोपऱ्यात शेवगा आणि अंगणात कढीपत्ता ही तेथील ठरलेली झाडे होत.

इतिहास

घरालगत भाजीपाला लावण्याची पद्धत शेतीइतकीच जुनी मानली जाते. वात्स्यायनाच्या कामसूत्रातील भार्याधिकारिक या अधिकरणात गृहिणीच्या कामांमध्ये घरच्या बागेची जोपासना सांगितली आहे. तेथे मुळा, पालक, काकडी, वांगे, कोहळा, दुधी, सुरण, लसूण व कांदा इत्यादींचा उल्लेख असून त्यांचे बी जमवून ते योग्य काळी पेरावे असे म्हटले आहे.

आजच्या परसबागेतील अनेक नेहमीच्या भाज्या भारतात तुलनेने उशिरा आल्या. मिरची, टोमॅटो, बटाटा, रताळे, लाल भोपळा व श्रावणघेवडा ही पिके मूळची अमेरिका खंडांतील असून सोळाव्या शतकापासून युरोपीय, विशेषतः पोर्तुगीज व्यापाराबरोबर ती येथे पोहोचली. मिरचीच्या भारतातील प्रसाराशी गोव्याचे नाव निगडित आहे. वांगे, काकडी, पडवळ व दोडका या भाज्या मात्र भारतीय उपखंडात फार पूर्वीपासून लागवडीत आहेत.

विसाव्या शतकात अन्नटंचाईच्या काळात परसबागेस सार्वजनिक मोहिमेचे स्वरूप आले. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी, १९३९ मध्ये ब्रिटनने नागरिकांना घराभोवती व सार्वजनिक मोकळ्या जागांत भाजीपाला लावण्याचे आवाहन केले. भारतातही १९४० च्या दशकात ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम राबवण्यात आली. १९९१ मध्ये सोव्हिएत संघाचे विघटन झाल्यानंतर क्यूबाला होणारा इंधन व खतांचा पुरवठा आटला, तेव्हा हवाना शहरात पडीक जागांवर भाजीपाल्याचे वाफे मोठ्या प्रमाणात उभे राहिले.

महाराष्ट्रात कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांनी प्रयोग परिवाराच्या माध्यमातून थोड्या जागेत, थोड्या पाण्यात व सूर्यप्रकाशाचा पुरेपूर उपयोग करून अन्न पिकवण्याचे प्रयोग लोकांपर्यंत नेले. ‘विपुलाच सृष्टी’ या त्यांच्या पुस्तकात या विचारांची मांडणी आहे. अलीकडच्या काळात शालेय परसबागांसाठी केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. ग्रामीण भागात अंगणवाड्या व महिला स्वयंसाहाय्यता गटांमार्फत पोषण परसबागांचा प्रसार केला जातो.

जागा व माती

फळभाज्या व शेंगभाज्यांना दिवसाकाठी किमान सहा तास थेट ऊन आवश्यक असते. पालेभाज्या, पुदिना, आले व हळद ही पिके त्याहून कमी उन्हातही येतात. महाराष्ट्राच्या अक्षांशावर हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि उंच झाडांची सावली उत्तरेकडे पडते. म्हणून शेवगा, केळी, पपई यांसारखी उंच झाडे व वेलांचे मांडव बागेच्या उत्तर कडेस आणि बुटकी पिके दक्षिणेस ठेवतात. पाणी देण्याची व देखरेखीची सोय व्हावी म्हणून रोज लागणाऱ्या कोथिंबीर, मिरची यांसारख्या पिकांना स्वयंपाकघराजवळची जागा देतात.

भाजीपाल्यास भुसभुशीत, पाण्याचा निचरा होणारी व सेंद्रिय पदार्थांनी युक्त माती मानवते. दख्खनच्या काळ्या जमिनीत पाणी फार काळ धरून राहते, त्यामुळे पावसाळ्यात मुळे कुजतात. अशा जमिनीत १५ ते २० सेंटिमीटर उंचीचे गादीवाफे करतात. कोकणातील जांभ्या मातीतून पाणी लवकर झिरपते, अन्नद्रव्ये वाहून जातात आणि तिची प्रकृती आम्लधर्मी असते. तेथे शेणखत व पालापाचोळा अधिक प्रमाणात घालावा लागतो. जुन्या रंगकाम केलेल्या भिंतींच्या पायथ्याशी साचलेल्या मातीत शिसे असण्याचा संभव असतो, म्हणून अशा ठिकाणी पालेभाज्या व कंदभाज्या लावणे टाळावे.

आखणी

परसबागेचे साधारणतः तीन भाग केले जातात. बहुवर्षायू झाडे कडेस, वेलवर्गीय पिके कुंपणावर किंवा मांडवावर आणि हंगामी भाज्या मधल्या वाफ्यांत असतात. वाफ्याची रुंदी सुमारे एक मीटर ठेवल्यास दोन्ही बाजूंनी हात पोहोचतो व माती तुडवली जात नाही. वर्तुळाकार परसबागेत आठवड्याच्या सात दिवसांसाठी सात भाग पाडतात आणि मध्यभागी खताचा खड्डा ठेवून त्याभोवती केळी किंवा पपई लावतात. दररोज एका भागातील भाजी काढावी आणि रिकाम्या जागी लगेच नवी पेरणी करावी, असा या रचनेचा हेतू असतो.

एकाच वाफ्यात पुन्हा पुन्हा एकाच कुळातील पीक घेतल्यास त्या कुळाच्या किडी, सूत्रकृमी व मर रोग बळावतात. वांगे, टोमॅटो, मिरची व बटाटा ही एका कुळातील, तर दुधी, दोडका, कारले व काकडी दुसऱ्या कुळातील पिके आहेत. वांग्यानंतर शेंगवर्गीय चवळी किंवा घेवडा, त्यानंतर पालेभाजी व मग वेलभाजी असा फेरपालट उपयुक्त ठरतो. शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात. म्हणून पीक संपल्यावर झाडे उपटून न टाकता बुंध्यापाशी कापतात व मुळे जमिनीतच राहू देतात.

हंगाम व पेरणी

महाराष्ट्रात परसबागेचे तीन हंगाम मानले जातात.

पावसाळी हंगामात (जून–सप्टेंबर) भेंडी, गवार, चवळी, दोडका, कारले, पडवळ, दुधी, काकडी, वांगी व मिरची घेतात. आले, हळद व सुरण यांची लागवड पावसाच्या तोंडावर करतात.

हिवाळी हंगाम (ऑक्टोबर–जानेवारी) सर्वांत सोयीचा असतो. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर, बीट, कोबी, फुलकोबी, वाटाणा, टोमॅटो, कांदा व लसूण ही पिके थंडीत उत्तम येतात. पावटा व वाल यांचे अनेक पारंपरिक वाण दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाहीत, म्हणून पावसाळ्यात लावलेल्या वेलांना हिवाळ्यातच शेंगा धरतात.

उन्हाळी हंगामात (फेब्रुवारी–मे) भेंडी, गवार, काकडी, दुधी, लाल माठ व चवळी तग धरतात. या काळात पालक व कोथिंबीर लवकर फुलावर येतात आणि पाने निबर होतात. दिवसाचे तापमान ३५ अंश सेल्सियसच्या वर गेल्यास टोमॅटोची फुलगळ होऊन फळधारणा घटते.

सर्व बी एकदम पेरल्यास दोन आठवडे अतिरिक्त भाजी आणि नंतर दीर्घ खंड अशी स्थिती निर्माण होते. यावर उपाय म्हणजे टप्प्याटप्प्याने पेरणी. मेथी, कोथिंबीर, मुळा यांसारख्या अल्पमुदतीच्या भाज्यांचा छोटा वाफा दर आठ ते दहा दिवसांनी पेरल्यास पुरवठा अखंड राहतो. भेंडी, गवार व काकडी यांची पेरणी तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन वेळा करतात.

बी साधारणपणे त्याच्या जाडीच्या दोन ते तीन पट खोल पेरतात. धने रगडून त्यांच्या दोन फाकी केल्यावर उगवण चांगली होते. कारल्याचे बी कठीण कवचाचे असल्याने रात्रभर पाण्यात भिजवतात. वांगी, टोमॅटो, मिरची, कोबी व कांदा यांची आधी रोपे तयार करून मग पुनर्लागण केली जाते. टोमॅटो, वांगी व मिरचीची रोपे साधारण चार ते सहा आठवड्यांची, १२ ते १५ सेंटिमीटर उंचीची झाल्यावर लावतात. पुनर्लागण उन्हाचा ताप ओसरल्यावर, संध्याकाळी करतात व लगेच पाणी देतात.

निगा

पाणी. रोज वरवर शिंपडलेल्या पाण्यामुळे मुळे पृष्ठभागाजवळच राहतात. त्याऐवजी काही दिवसांच्या अंतराने खोलवर मुरेल असे पाणी देणे हितकारक असते. पाळ्यांमधील अंतर माती, ऋतू व पीक यांनुसार ठरते. बोट दोन-तीन सेंटिमीटर खोल मातीत घालून ओल तपासता येते. वाळलेला पाला, उसाचे पाचट किंवा गवत यांचे आच्छादन घातल्याने बाष्पीभवन व तण दोन्ही कमी होतात. न्हाणीतील व भांडी धुण्याचे पाणी केळी, अळू, कर्दळ अशा झाडांना देण्याची जुनी पद्धत आहे. मात्र कपडे धुण्याच्या पावडरीतील सोडियमयुक्त क्षारांमुळे मातीचा पोत बिघडतो, म्हणून असे पाणी एकाच जागी सतत सोडत नाहीत. पालेभाज्या व कच्च्या खाण्याच्या भाज्यांना कोणतेही सांडपाणी देऊ नये.

खत. लागवडीपूर्वी वाफ्यात चांगले कुजलेले शेणखत, कंपोस्ट किंवा गांडूळखत मिसळतात. ओले शेण वापरल्यास कुजताना निर्माण होणाऱ्या उष्णतेने मुळांना इजा होते व हुमणीचा उपद्रव वाढतो. स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्यात वाळलेला पाला मिसळल्यास दुर्गंधी न येता त्याचे खत होते. नत्र अधिक झाल्यास फळभाज्यांची झाडे पानांनी माजतात व फळे कमी लागतात.

आधार. दोडका, पडवळ, कारले व दुधी यांना बांबू व सुतळीचा मांडव करतात. मांडवाखाली लोंबणारी फळे सरळ वाढतात, जमिनीला टेकून कुजत नाहीत व नजरेस लवकर पडतात. सरळ वाढावे म्हणून पडवळाच्या टोकास लहान दगड बांधण्याची पद्धत आहे. टोमॅटोच्या उंच वाढणाऱ्या वाणांना काठीचा आधार देऊन बगलफुटी खुडतात.

परागीभवन. दुधी, दोडका, काकडी, भोपळा यांच्या एकाच वेलावर नर व मादी फुले स्वतंत्र येतात. आरंभी येणारी बहुतेक फुले नर असल्याने ती फळ न धरता गळतात आणि तो रोग नसतो. मादी फुलाखाली लहानसे फळ दिसते. लाल भोपळा, काकडी, कारले व घोसाळे यांची फुले सकाळी उमलतात, तर दोडका, दुधी व पडवळ यांची सायंकाळी. मधमाश्या व पतंग कमी असल्यास नर फुलाच्या पाकळ्या काढून त्याचे पुंकेसर मादी फुलाच्या मध्यभागी हलके टेकवतात. हे काम त्या त्या फुलाच्या उमलण्याच्या वेळी केले तरच फळधारणा होते. करटुल्याचे नर व मादी वेल वेगवेगळे असल्याने दोन्ही लावावे लागतात.

कीड व रोग

परसबागेतील बहुतेक कीडनियंत्रण नित्य पाहणीवर चालते. कोवळ्या शेंड्यांवर मावा, पानांच्या खालच्या बाजूस तुडतुडे, पांढरी माशी व कोळी आढळतात. पांढऱ्या माशीमुळे भेंडीवरील पिवळ्या शिरांचा मोझॅक व टोमॅटोवरील पर्णगुच्छ हे विषाणुजन्य रोग पसरतात. रोगट झाड बरे होत नसल्याने ते उपटून नष्ट करणे हाच उपाय राहतो. वांग्याचा शेंडा अचानक माना टाकतो तेव्हा आत शेंडे व फळे पोखरणारी अळी असते. असा शेंडा तत्काळ कापून नष्ट केल्यास पुढील पिढी रोखली जाते. काकडी, दोडका व कारले यांवरील फळमाशी कोवळ्या फळात अंडी घालते. डागाळलेली फळे बागेत न टाकता खोल पुरावी लागतात.

पाच टक्के निंबोळी अर्कासाठी प्रतिलिटर पाण्यास ५० ग्रॅम निंबोळ्यांची भरड या प्रमाणात रात्रभर भिजवून गाळून घेतात व सायंकाळी फवारतात. रासायनिक कीटकनाशक वापरल्यास वेष्टणावर दिलेला फवारणी व काढणी यांमधील प्रतीक्षाकाळ पाळणे अनिवार्य असते. परसबागेत एकीकडे फवारणी व दुसरीकडे रोजची तोडणी चालू असल्याने हा नियम मोडला जाण्याचा धोका शेतापेक्षा अधिक असतो. झेंडूची लागवड, पक्ष्यांसाठी पाण्याचे भांडे आणि पिकांची सरमिसळ यांनी किडींचा जोर काही प्रमाणात कमी होतो.

काढणी

वनस्पतीच्या जीवनक्रमात फळ हे बी पक्व करण्याचे साधन असते. भेंडी, काकडी, दोडका, गवार, वांगे या भाज्यांत माणूस अपक्व फळ खातो. झाडावर एखादे फळ जून होऊ दिल्यास झाडातील अन्न त्यातील बियांकडे वळते आणि नवी फुले व फळे येणे मंदावते. उलट कोवळी फळे नियमित तोडत राहिल्यास झाड पुन्हा पुन्हा फुलते. म्हणून भेंडी व काकडी यांची तोडणी एक दिवसाआड, तर गवार, दोडका व वांगी यांची दोन ते चार दिवसांनी करतात. पानांआड लपून जून झालेले फळ खाण्याजोगे नसले तरी तोडून टाकणे आवश्यक असते.

पुढील तक्त्यातील दिवस सर्वसाधारण असून वाण, ऋतू व जमीन यांनुसार ते बदलतात. त्यामुळे दिवसांपेक्षा लक्षणांवर अधिक भर द्यावा लागतो.

| भाजी | पहिली काढणी | काढणीयोग्य लक्षण |
|---|---|---|
| मेथी | पेरणीनंतर २५–३० दिवस | फुले येण्यापूर्वीचा कोवळा पाला |
| पालक | पेरणीनंतर ३०–४० दिवस | पाने पूर्ण वाढलेली, हिरवीगार व मऊ |
| कोथिंबीर | पेरणीनंतर ३५–४५ दिवस | फुलाचा दांडा निघण्यापूर्वी |
| मुळा | पेरणीनंतर ३५–५० दिवस | मूळ टणक; उशीर झाल्यास पोकळ व दोरकट |
| भेंडी | पेरणीनंतर ४५–५५ दिवस | शेंडा वाकवताच मोडतो |
| गवार | पेरणीनंतर ४५–६० दिवस | शेंग कोवळी, दाणे न भरलेली |
| काकडी | पेरणीनंतर ४०–५० दिवस | साल कोवळी, बिया मऊ |
| दोडका | पेरणीनंतर ५०–६५ दिवस | शिरा कोवळ्या, गर दोरकट नसलेला |
| दुधी | पेरणीनंतर ५५–७० दिवस | सालीत नख सहज रुतते, अंगावर लव |
| लाल भोपळा | पेरणीनंतर १००–१२० दिवस | देठ वाळलेला, सालीत नख रुतत नाही |
| वांगे | लागणीनंतर ६०–७५ दिवस | साल चकचकीत. चमक गेल्यास बिया जून |
| टोमॅटो | लागणीनंतर ६०–८० दिवस | तळाशी रंग फुटू लागलेला |
| कांदा | लागणीनंतर १००–१३० दिवस | निम्म्याहून अधिक पातींच्या माना मोडलेल्या |

काढणीची रीतही पुढील उत्पादनावर परिणाम करते. पालक व राजगिरा मुळासकट न उपटता बाहेरची पाने खुडल्यास किंवा जमिनीपासून चार-पाच सेंटिमीटर वर कापल्यास पुन्हा फुटवे येतात. अळूची बाहेरची मोठी पाने काढून मधली सुरळी राखतात. वांगे, दुधी व भोपळा ओढून तोडल्यास फांदी सोलते, म्हणून ते विळ्याने किंवा कात्रीने देठासह कापतात. देठ राहिलेला भोपळा हवेशीर जागी काही महिने टिकतो. रंग फुटलेला टोमॅटो काढल्यानंतरही पिकतो, त्यामुळे पक्षी व फळ पोखरणाऱ्या अळीपासून वाचवण्यासाठी तो थोडा आधी काढता येतो. भेंडी, काकडी किंवा वांगे यांच्या बाबतीत काढल्यानंतर गुणवत्ता सुधारत नाही.

पालेभाज्या सकाळी लवकर काढल्यास पाने पाण्याने भरलेली व ताजी राहतात. काढणीनंतर पानांतील क जीवनसत्त्व झपाट्याने घटते आणि उष्णता व कोमेजणे यांनी ही घट वाढते. स्वयंपाकापूर्वी थोडा वेळ आधी काढलेली भाजी हा परसबागेचा बाजारावरचा सर्वांत स्पष्ट लाभ आहे. कांदा व लसूण मात्र काढल्यावर सावलीत पातीसह सुकवावे लागतात. कांद्याची मान नीट वाळल्याशिवाय पात कापल्यास तो साठवणीत सडतो.

बियाणे राखणे

घरचे बी राखणे हा परसबागेच्या परंपरेचा महत्त्वाचा भाग आहे. वाल, पावटा, चवळी, घेवडा व टोमॅटो ही पिके मुख्यतः स्वपरागित असल्याने त्यांचे गुण पुढील पिढीत बऱ्याच अंशी टिकतात. दुधी, भोपळा, काकडी व मुळा यांत परपरागीभवन होते, म्हणून जवळपास त्याच पिकाचा दुसरा वाण असल्यास बियांत मिसळ होते. संकरित बियाण्यापासून आलेल्या फळाचे बी पेरल्यास मूळ झाडासारखी झाडे मिळत नाहीत.

बियाण्यासाठी निरोगी व लवकर फळलेले एखादे झाड हंगामाच्या सुरुवातीसच निवडतात आणि त्यावरील फळे पूर्ण पक्व होऊ देतात. दुधी वेलावर वाळून आतील बिया खुळखुळू लागल्यावर, भेंडी वाळून तडकण्याच्या बेतात आल्यावर आणि वांगे पिवळे पडल्यावर काढतात. पक्व फळांमुळे झाडाचे उत्पादन थांबत असल्याने भाजीची झाडे व बियाण्याची झाडे वेगळी ठेवणे सोयीचे असते. टोमॅटोचा बियांसह गर एक-दोन दिवस आंबवून मग बिया धुऊन सुकवतात. बी पूर्ण कोरडे करून राख किंवा कडुनिंबाच्या पाल्यासह मडक्यात, अथवा वाळलेल्या दुधीच्या पोकळ तुंब्यात ठेवण्याची पद्धत ग्रामीण व आदिवासी भागात आहे.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी स्थानिक वाल, भात व भाज्यांच्या अनेक वाणांचे बी जतन करून परसबागांद्वारे त्याचा प्रसार केला. ‘बीजमाता’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पोपेरे यांना २०२० चा पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला.

आहारातील स्थान

परसबागेतील गडद हिरव्या पालेभाज्यांतून बीटा-कॅरोटिन, फॉलिक आम्ल, लोह व कॅल्शियम मिळते. शेवग्याचा पाला, अळू, माठ व राजगिरा यांत ही पोषकद्रव्ये भरपूर असतात. बीटा-कॅरोटिनच्या शोषणासाठी आहारात थोडा स्निग्धांश लागतो, तर वनस्पतिजन्य लोहाचे शोषण लिंबू, आवळा यांसारख्या क जीवनसत्त्वयुक्त पदार्थांमुळे वाढते. अळूतील ऑक्झलेटच्या स्फटिकांमुळे घशास खाज सुटते, म्हणून ते चिंच किंवा आमसूल घालून नीट शिजवतात.

परसबागेमुळे कुटुंबाच्या आहारातील भाज्यांचे प्रमाण व विविधता वाढते, असे अनेक देशांतील अभ्यासांत आढळले आहे. मुलांच्या उंची व वजनावरील परिणामाबाबत निष्कर्ष मात्र संमिश्र आहेत. कुपोषणाशी स्वच्छ पाणी, आजारपण, डाळी-अंडी-दूध यांची उपलब्धता व मातेचे आरोग्य हे घटकही निगडित असतात. त्यामुळे परसबाग ही पोषण सुधारण्याच्या उपायांपैकी एक मानली जाते.

शहरी परसबाग

शहरांत गच्ची, सज्जा व खिडकीत कुंड्या, पिशव्या, क्रेट किंवा पिंपांत भाजीपाला लावतात. पालेभाज्यांस १५ ते २० सेंटिमीटर, तर वांगी, टोमॅटो व वेलभाज्यांस ३० सेंटिमीटर किंवा अधिक खोलीचे पात्र लागते. मुंबईत पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकगृहाच्या गच्चीवर तेथीलच ओला कचरा व पालापाचोळा यांपासून केलेल्या मातीत भाजीपाला व फळझाडे वाढवण्यात आली. हा प्रयोग शहरी शेतीचे उदाहरण म्हणून प्रसिद्ध आहे.

गच्चीवरील बागेत वजनाचा विचार अत्यावश्यक ठरतो. ओल्या मातीचे वजन प्रतिघनमीटर सुमारे दीड ते दोन टन असते. म्हणजे १५ सेंटिमीटर जाडीच्या थराचा भार प्रतिचौरस मीटर सुमारे २२५ ते ३०० किलो होतो. लोकांचा वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानकांनुसार धरला जाणारा चल भार मात्र प्रतिचौरस मीटर सुमारे १५० किलोच असतो. यामुळे सलग मातीचे वाफे करण्यापूर्वी संरचना अभियंत्याचा सल्ला घ्यावा लागतो. मातीऐवजी कोकोपीट, कंपोस्ट व पालापाचोळ्याचे हलके मिश्रण वापरणे आणि जड कुंड्या तुळई व खांबांच्या रेषेवर ठेवणे श्रेयस्कर असते. कुंड्यांखालील थाळ्यांत साचलेल्या पाण्यात डेंग्यू पसरवणारे एडिस डास वाढतात, म्हणून ते पाणी आठवड्यातून किमान एकदा पूर्ण ओतून टाकावे लागते.

धोके व मर्यादा

दुधी, काकडी, दोडका या कुळातील फळांत क्युकरबिटासिन ही कडू व विषारी द्रव्ये निर्माण होऊ शकतात. घरच्या किंवा आपोआप उगवलेल्या वेलाचा दुधी कडू लागल्यास तो शिजवूनही खाऊ नये. कडू दुधीच्या रसामुळे भारतात तीव्र विषबाधा व मृत्यूही घडलेले आहेत. उन्हात हिरव्या पडलेल्या बटाट्यात सोलॅनिनचे प्रमाण वाढते, म्हणून असे बटाटे टाळतात. शोभेची झाडे व ओळख न पटलेल्या रानवनस्पती भाजीच्या वाफ्यापासून वेगळ्या ठेवाव्यात.

परसबागेस जागा, पाणी व रोजचे श्रम लागतात. ग्रामीण भागात हे श्रम मुख्यतः स्त्रियांकडे येतात. उन्हाळ्यात पाणीटंचाई असलेल्या गावांत बाग टिकवणे कठीण होते. मोकाट गुरे, शेळ्या व कोंबड्यांसाठी काटेरी कुंपण किंवा ताट्या पुरतात. कोकण व सह्याद्रीच्या पट्ट्यात माकडांचा उपद्रव मात्र एवढ्याने आटोक्यात येत नाही. तेथे अनेक कुटुंबे सुरण, हळद, आले यांसारख्या जमिनीखाली वाढणाऱ्या पिकांकडे वळलेली दिसतात.